पाना चढवला की सुटणारी खिटी आणि भाच्याचा प्रश्न

वाचकांच्या पत्राचा सारांश: ऐरोलीत राहणाऱ्या एका वाचकांचा रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे. वय 54, शिक्षण आयटीआय फिटर. एका पावडर कंपनीच्या कंपन-चाळण्यांची देखभाल ते करतात. चाळणीची जाळी धुण्यासाठी दर पाळीला उतरवावी लागते आणि मशीन सुरू झाले की तिचे नट थरथरीने सैल होतात. स्प्रिंग वॉशर, चेकनट, नायलॉक नट, स्प्लिट पिन असे सगळे करून झाल्यावर त्यांनी स्वतःचा एक नट बनवला. त्यात स्प्रिंग स्टीलची एक छोटी खिटी आहे, जी बोल्टवरच्या उभ्या खाचेत बसते. बॉक्स पाना चढवला की खिटी आपोआप उचलली जाते आणि पाना काढला की पुन्हा बसते. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. आता पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाचा पहिला परीक्षण अहवाल आला असून त्यात दोन जुनी पेटंट दाखवून ‘या दोन्हींवरून जाणकार माणसाला हे सहज सुचले असते’ असा आक्षेप घेतला आहे. मेकॅनिकल इंजिनिअर असलेला भाचा तो नट हातात घेऊन म्हणाला, “मामा, यात काय विशेष आहे? कोणीही केलं असतं.” उत्तरासाठी पेटंट एजंट वेगळे पैसे मागतो आहे आणि सहा महिन्यांच्या मुदतीतले दोन महिने गेले आहेत. ‘माझ्यासारख्या फिटरने केलेल्या साध्या वस्तूला पेटंट मिळत नसेल, तर आता सोडून द्यावे का?’ असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

तुम्ही पाठवलेली चित्रे, दावे (म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी अर्जातली कलमे) आणि अहवालाची प्रत मी दोनदा वाचली. सुरुवातीलाच एक सांगतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. पहिला परीक्षण अहवाल म्हणजे नकार नाही. परीक्षकाने आपले आक्षेप लिहून तुम्हाला उत्तर देण्याची संधी दिली आहे, आणि असे आक्षेप बहुतेक अर्जांवर येतातच. अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेले नाही आणि मुदतवाढही मागितली नाही, तर मात्र अर्ज सोडून दिला असे कायदा धरतो. म्हणून ‘सोडून द्यावे का’ याचे उत्तर विचार करून द्या, नुसते दिवस जाऊ देऊन नको.

आता भाच्याचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण परीक्षकही सभ्य भाषेत तेच विचारतो आहे. फक्त भाच्याने तो चुकीच्या वेळी विचारला. तुमचा नट तयार होऊन टेबलावर आला, पाना चढवल्यावर खिटी उचलली जाते हे त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि मग त्याला वाटले की हे कोणालाही सुचले असते. कोडे सुटल्यावर ते सगळ्यांनाच सोपे वाटते. आपल्या पेटंट कायद्यातल्या ‘कल्पक पायरी’च्या व्याख्येत दोन गोष्टी लागतात. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावे लागते, आणि त्यामुळे तो शोध त्या क्षेत्रातल्या जाणकार माणसाला उघड नसावा लागतो. हा जाणकार तुमच्या अर्जाच्या तारखेला उभा आहे. त्याला जुने सगळे छापील ज्ञान उपलब्ध आहे, हाताला कसब आहे, समोर सैल होणारा नट आहे, आणि तुमचा नट त्याने पाहिलेला नाही. या माणसाचे पाऊल पुढे कोणत्या दिशेने पडले असते, एवढाच प्रश्न आहे. भाच्याला हा माणूस होता येणार नाही, कारण त्याने उत्तर पाहिले आहे. खरे तर तुम्हालाही होता येणार नाही.

तुमच्या पत्रात याच्या उलट बाजूचेही एक वाक्य आहे. ‘रबाळे, महापे, तुर्भे, सगळीकडे विचारले, असा नट कोणाकडेही नाही,’ असे तुम्ही लिहिले आहे आणि त्यावरून शोध नवा आणि असामान्य असणारच, असे धरले आहे. या गृहीतकावर थोडे थांबावे असे मला वाटते.

मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये काही वर्षे काढली. आमच्याकडे ड्रिलिंगचे एक जिग होते, म्हणजे भोक नेमक्या जागी पडावे म्हणून जॉब धरून ठेवणारा साचा. त्याच्या लोकेटिंग पिनच्या बुडाशी बुरादा साठायचा, जॉब नीट टेकायचा नाही आणि भोक केसभर सरकायचे. आम्ही महिनोन्महिने प्रत्येक जॉबनंतर हवा मारत होतो. एके दिवशी एका जुन्या टर्नरने पिनच्या बुडाभोवती दीड मिलिमीटरची खाच फिरवली. बुरादा खाचेत जाऊ लागला आणि जॉब टेकू लागला. आम्हा सगळ्यांना तो चमत्कार वाटला. पुढे जिग-फिक्श्चरच्या पाठ्यपुस्तकात तीच खाच चित्रासह दिसली. म्हणजे आमच्या टूलरूमला जे महिनोन्महिने सुचले नाही, ते कायद्याच्या जाणकाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. रबाळ्यात कोणाकडे नाही ही चांगली बातमी धंद्यासाठी आहे. पेटंटच्या वादात तिचे वजन फार थोडे.

या विषयातला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल तुम्ही समजून घ्यावा, कारण तो थेट तुमच्या नटासारख्याच वर्कशॉपमधल्या वस्तूबद्दल आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात पेटंट होते ते भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचे. टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या आधाराच्या, बाजूने टोकदार दाब-स्पिंडलने भांडे दाबून धरायचे आणि कातायचे, अशी ती रचना होती. भांडे घट्ट बसते आणि काम सुधारते, असा पेटंटधारकाचा दावा होता. तरीही पेटंट रद्द झाले, कारण तसा स्पिंडल आणि टेलस्टॉक आधीपासून माहीत होते आणि नव्या कामाला ते लावणे ही वर्कशॉपमधली सुधारणा ठरली. पेटंटसाठी कुशल कारागिराच्या आवाक्यापलीकडचे काहीतरी हवे, असा त्या निकालाचा आशय आहे.

त्यातला ‘कारागीर’ हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ‘मी फक्त फिटर’ असे तुम्ही पत्रात तीनदा लिहिले आहे. पण नट-बोल्टच्या शोधात कायद्याचा तो काल्पनिक जाणकार म्हणजे जवळपास तुमच्यासारखाच माणूस आहे, आणि या कामात हातखंडा असलेल्यांना काय सुचते नि काय सुचत नाही, हे भाच्यापेक्षा तुम्ही जास्त खात्रीने सांगू शकता. शिवाय शोधकाची पदवी कायदा कुठेही विचारत नाही. वस्तू साधी आहे याचाही कायद्याला अडथळा नाही. सेफ्टी पिनचे पेटंट वॉल्टर हंट यांना 1849 मध्ये अमेरिकेत मिळाले, आणि ती म्हणजे वाकवलेली एक तार. तेव्हा साधेपणा बाजूला ठेवू आणि तुमच्या दाव्यांकडे वळू.

इथे मला थोडे कडू बोलावे लागेल. तुमचा पहिला दावा आहे तसा टिकेल असे मला वाटत नाही. परीक्षकाने दाखवलेल्या पहिल्या पेटंटमध्ये नटाच्या कडेला सरळ खोबणीत स्प्रिंगची खिटी आहे, ती बोल्टच्या उभ्या खाचेत बसते आणि ती उचलायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो. दुसरे अवजड वाहनाच्या चाकाच्या आसावरच्या नटाचे आहे आणि त्यात पाना बसवल्यावरच अटकाव सुटतो. पाना चढवला की खिटी सुटते, ही कल्पना तुम्ही तुमच्या शोधाचा प्राण मानता. ती दुसऱ्या पेटंटमध्ये आहेच. ‘माझी चाळणी आहे, ट्रकचे चाक नव्हे’ हे उत्तर चालणार नाही, कारण नट सुटू नये हा दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे आणि चाळणी दुरुस्त करणारा माणूस ट्रकच्या नटाकडे पाहणार नाही असे म्हणणे ओढूनताणून होईल. स्क्रू-ड्रायव्हरची कटकट टाळायची इच्छा असलेला कोणताही जाणकार ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवू शकतो.

मग मी तुमचा चौथा दावा वाचला, आणि माझे मत बदलू लागले.

चौथ्या दाव्यात तुम्ही लिहिले आहे की खिटीची खोबण नटात सरळ नसून तिरपी कापलेली आहे, त्यामुळे नट सुटण्याच्या दिशेने फिरू लागला की खिटीचे टोक खाचेत आणखी आत ओढले जाते. एजंटने हे एखाद्या किरकोळ तपशिलासारखे खाली टाकले आहे. पण तुमच्या वहीच्या पानांच्या प्रतींमध्ये खरी गोष्ट आहे. तिरपी खोबण कापल्यावर खिटी पाचरीसारखी अडकू लागली. नट सुटेना हे बरे झाले, पण बॉक्स पाना चढवूनही सुटेना, हे फसले. तुम्ही अकरा तुकडे बनवले. तीन तुकड्यांत खिटी वाकली, दोनांत तुटली. शेवटी तुम्ही खिटीच्या बाहेरच्या टाचेला दोन पायऱ्या दिल्या. पाना खाली येताना पहिली पायरी खिटीला खोबणीच्या तिरपेपणाने मागे सरकवते आणि दुसरी पायरी तिला उचलते. बाराव्या तुकड्यावर तुम्ही पेन्सिलीने ‘बसली’ एवढाच शब्द लिहिला आहे.

आता त्या काल्पनिक जाणकाराला पुन्हा उभे करा. पहिल्या पेटंटची सरळ खोबण आणि दुसऱ्याची पान्याने सुटण्याची युक्ती त्याने एकत्र केली, तर त्याचे काम झाले. खोबण तिरपी करायचे त्याला कारण नाही. उलट, तिरपी केली तर पान्याने सुटणे बिघडते, म्हणून तो त्या वाटेला जाणारच नाही. पाचर घट्ट बसते हे ज्ञान जुने आहे, सुतारालाही ते माहीत आहे, आणि परीक्षक हे म्हणेल. पण जी वस्तू सुटण्याच्या दिशेने घट्ट होते तीच पान्याच्या दाबाने हलकेच सुटली पाहिजे, या दोन परस्परविरोधी गरजा एकत्र बसवणे त्या दोन कागदपत्रांच्या बेरजेतून मिळत नाही. माझ्या मते तुमची कल्पक पायरी असेल तर ती इथे, टाचेच्या त्या दोन पायऱ्यांत आहे.

कायद्याच्या कलम 3 मध्ये एक पोटकलम असेही आहे की, आपापले काम स्वतंत्रपणे आणि ठरलेल्या रीतीने करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध होत नाही. ते तुमच्यावर आले तर उत्तर हेच राहील. खोबण, खिटी आणि पाना इथे स्वतंत्र काम करत नाहीत, एकाचा कोन दुसऱ्याच्या पायरीवर अवलंबून आहे.

हे सगळे ज्या एका गोष्टीवर उभे आहे ती मी मुद्दाम तपासली. दावे बदलताना मूळ अर्जात नसलेली गोष्ट नव्याने घुसवता येत नाही. कलम 59 त्याला मनाई करते. मूळ कागदपत्रांत नसलेला गुण मागाहून पुढे केला की काय होते, याचे अमेरिकेतला 1966 चा ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर हा खटला बोलके उदाहरण आहे. आपल्यावर तो बंधनकारक नाही, पण वस्तू तुमच्याच घराण्यातली होती. दगडाळ जमिनीत चालणाऱ्या नांगराचा दांडा धरणारा तो क्लॅम्प होता. जुन्या रचनेत दांडा सांध्याच्या पट्टीच्या वर होता, नव्या रचनेत तो खाली घेतला होता. यामुळे दांड्याला लवचीकपणा मिळतो असा युक्तिवाद कोर्टात झाला. न्यायालयाने विचारले की हा गुण इतका महत्त्वाचा होता, तर मूळ कागदपत्रांत त्याचा उल्लेख का नाही? मागाहून सुचलेला बचाव म्हणून तो बाजूला पडला आणि पेटंट गेले. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने बॅटरीचे एक पेटंट मात्र टिकवले. तिथे जुने ज्ञान तशी रचना करण्यापासून परावृत्त करणारे होते आणि तज्ज्ञांनी सुरुवातीला शोधावर विश्वासच ठेवला नव्हता. तुमच्या विनिर्देशात, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, टाचेच्या दोन पायऱ्यांचे वर्णन आणि चित्र आहे, हे पाहून मला हायसे वाटले. खोबणीच्या कोनाचा आकडाही दिला आहे. एजंटला निदान याबद्दल धन्यवाद द्या.

एका पुराव्याची मात्र उणीव आहे. तुमचा नट ‘सैल होत नाही’ असे तुम्ही लिहिता, पण कशाच्या तुलनेत? नट-बोल्टच्या क्षेत्रात समजुती फार खोल रुजलेल्या असतात. स्प्रिंग वॉशर घातला की नट सुटत नाही, असे आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. पण बोल्ट पूर्ण आवळला की तो वॉशर चपटा होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो, असे नासाच्या 1990 च्या फास्टनरविषयक पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. नट सुटण्याचे मोठे कारण जोडातले आडवे सरकणे आहे, हे अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगांनी दाखवले, आणि त्यांच्या नावाची चाचणी आज नट सैल होणे मोजायला वापरली जाते. तुमची चाळणी तर दिवसभर आडवीच हलते. एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सरळ खोबणीचा, तिरप्या खोबणीचा आणि दोन पायऱ्यांच्या टाचेचा असे तीन नट त्या चाचणीवर लावता आले, तर उत्तराला कणा मिळेल. सरळ खोबणीचा नट म्हणजे परीक्षकाचे पहिले पेटंट. त्याच्यापेक्षा तुमचा किती सरस, एवढाच आकडा कामाचा आहे. साध्या नटाशी तुलना करून काही साधणार नाही.

पावडर कंपनीच्या व्यवस्थापकांचे कौतुकाचे पत्र तुम्ही जोडू इच्छिता. जोडा, पण त्यावर भार टाकू नका. ग्राहक खूश आहे तो या तिरप्या खोबणीमुळे, की तुम्ही रात्री अकरालाही फोन उचलता म्हणून, हे त्या पत्रातून कळत नाही. त्यापेक्षा एखाद्या अनुभवी, तुमच्याशी संबंध नसलेल्या देखभाल-फिटरचे प्रतिज्ञापत्र मला जास्त मोलाचे वाटते. त्याला तुमचा नट दाखवण्याआधी ती दोन जुनी पेटंट आणि अडचण समजावून सांगा, आणि तू काय केले असतेस ते लिहून घ्या. त्याचे उत्तर कायद्याचा अंतिम निकाल ठरत नाही. त्याने जर पाच मिनिटांत तिरपी खोबण आणि पायरीची टाच काढून दाखवली, तर ते तुम्हालाच आधी कळलेले बरे.

आता पर्याय. उत्तर न देता सोडणे हा पर्याय खर्च वाचवतो, पण तुमची वस्तू गुपित म्हणून जपता येण्यासारखी नाही. नट हातात आला की पाच मिनिटांत उलगडतो. डिझाइन नोंदणीने काम होणार नाही, कारण ती वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देते आणि यांत्रिक कार्य तिच्या कक्षेबाहेर आहे. जर्मनी, जपान, चीनमध्ये छोट्या सुधारणांसाठी ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचे हलके संरक्षण मिळते, तसे आपल्याकडे नाही, आणि तुमच्यासारख्या गाळेवाल्यांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे असे माझे ठाम मत आहे. पहिला दावा जसाच्या तसा रेटणे मी सुचवणार नाही. चौथा दावा आणि टाचेच्या पायऱ्यांचे वर्णन पहिल्या दाव्यात आणून तो अरुंद करावा, आणि अरुंद दाव्यासाठी वर सांगितलेला युक्तिवाद ठामपणे करावा, असा माझा सल्ला आहे. उत्तराने परीक्षकाचे समाधान झाले नाही तर सुनावणी मागता येते. तरीही नकार आला तर उच्च न्यायालयात अपील आहे, पण तो खर्च तुमच्या धंद्याला झेपेल का, हे तेव्हा पाहावे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ॲग्रीबोर्ड या कंपनीच्या प्रकरणात म्हटले आहे की नुसते ‘उघड आहे’ म्हणून अर्ज नाकारता येत नाही. आधीचे ज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि जाणकाराला तो कसा सुचला असता, हे तिन्ही नियंत्रकाने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने, मांडायला हवे. एजंटला हा निकाल उत्तरात घ्यायला सांगा.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून स्वीकारा. अरुंद दावा मिळाला तरी उद्या कोणी टाचेच्या जागी वेगळी युक्ती वापरून तुमच्या दाव्याला वळसा घालू शकेल. अशा पेटंटसाठी किती खर्च करायचा हे तुम्ही वर्षाला किती नट विकू शकता यावर ठरवा. फक्त एका कंपनीच्या चाळण्यांना पुरवणार असाल तर उत्तरापुरता खर्च करा आणि थांबा. चाळण्या बनवणाऱ्यांनाच हा नट विकायचा विचार असेल, तर तो दावा जवळ असणे बोलणीत उपयोगी पडेल.

अशाच वाटेवर असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहितो. अर्ज करण्याआधी शोध घ्या. भारतीय पेटंट कार्यालयाची शोध-प्रणाली मोफत आहे, आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नट-बोल्ट सुटू नयेत यासाठीच्या रचना एफ16बी 39 या गटात एकत्र सापडतात. त्यातली पन्नास चित्रे निवांत पाहिली, तरी आपला दावा कुठून सुरू व्हावा ते कळते. अर्जाची तारीख मिळण्याआधी ग्राहकाच्या मशीनवर वस्तू चढवू नका. घाई असेल तर तात्पुरत्या विनिर्देशासह अर्ज करा, पूर्ण विनिर्देश द्यायला बारा महिने मिळतात. तुमचा पहिला नट चाळणीवर अर्जाआधी बसला की नंतर, हे पत्रात स्पष्ट नाही. आधी बसला असेल तर तो प्रश्न नवेपणाचा आहे आणि कल्पक पायरीच्या युक्तिवादाने तो सुटणार नाही, म्हणून एजंटला आजच खरे काय ते सांगा.

आणि फसलेले अकरा तुकडे टाकून देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, त्यावर तारीख आणि काय बिघडले ते लिहा. वहीच्या ज्या पानावर ‘बसली’ लिहिले आहे, त्या पानावर मला तारीख दिसली नाही. त्या दिवशीचे वेल्डिंगचे बिल, स्प्रिंग पट्टीची पावती, काहीही सापडले तर ते त्या पानाला टाचून ठेवा, आणि मगच एजंटकडे जा.